बॅगेपलीकडच्या आत्यांना

आत्या, बॅग अजून रिकामीच आहे.

तुम्ही गेलात त्या दुपारी ती गोठ्याच्या तुळईला जशी लटकत होती, तशीच लटकते आहे. पोट उसवलेलं, आत काही नाही, साखळीला नुसती ताडपत्रीची खोळ. दार उघडलं की वारा आत शिरतो आणि ती हलायला लागते. मग मी दार लावून घेते. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, शेजारून आणलेली पातेली घासून परत दिली. आता जो येतो तो म्हणतो, "शीतल, कामाला लाग, बरं वाटेल." कामाला लागायचं म्हणजे काय करायचं, ते कुणी सांगत नाही. गोठ्यात मुलींना बॅगेवर किकबॉक्सिंगचे गुडघे मारायला शिकवायचं, हे माझं काम. आणि बॅगेच्या पलीकडून तिला मिठी मारून उभं राहायचं, हे तुमचं. अर्धं काम मसणात गेल्यावर उरलेल्या अर्ध्याला कसं लागायचं?

भेटायला आलेल्या बायका तुमच्याविषयी चांगलंच बोलल्या. एक म्हणाली, फार सोशिक होती माउली. तेवढ्यातही मला हसू फुटलं. तुम्ही आणि सोशिक! दुधात पाणी दिसलं की गवळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या बाईला सोशिक म्हणायचं म्हणजे कमाल झाली. मग त्यांतलीच एक हळूच माझ्या कानाशी आली. "त्या तुला मारायला बॅग धरायच्या म्हनं. खरं का गं?" मी मान हलवली. "सासू?" तिनं पुन्हा विचारलं. "हो, सासू." ती माझ्याकडं बघत राहिली आणि मला तिथून उठून आत जावं लागलं.

तिला काय काय सांगणार होते मी? मी पुण्याची, शाळेत खेळ शिकवणारी. सून म्हणून लोणावळ्याला, वलवणला आले तेव्हा पेटीत साड्यांच्या खाली किकबॉक्सिंगचे ग्लोव्हज होते. तुम्ही ते बाहेर काढलेत, उलटेसुलटे करून बघितलेत आणि म्हणालात, "ह्ये बरं केलंस. गरम पातेलं उतरायला झालं." मी नवी सून. हसावं की खुलासा करावा, मला कळेना. सकाळी उठून बघते तर ग्लोव्हज ओट्याशेजारच्या खिळ्याला टांगलेले.

खुलासा मग तुमच्या चिरंजीवांनी केला. रोज लोकलनं घोरावाडीला उतरून कारखान्यात जाणारा माणूस, घरात दिवसाला चार वाक्यं बोलणार, पण त्या दिवशी बायकोच्या बाजूनं आईशी बोलला, हे मी अजून विसरले नाही. म्हशी विकल्यापासून गोठा रिकामाच होता. त्यांनी ताडपत्रीची खोळ शिवून आणली, तुळईला साखळी अडकवली. प्रश्न आला की आत भरायचं काय? मावळात ह्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. भाताच्या गिरणीमागं तुसाचे डोंगर पडलेले असतात. हलकं, मऊ, हवं तेवढं उचला, कुणी विचारत नाही. वीटभट्टीला तूस, कोंबड्यांच्या खाली तूस, मग बॅगेत का नको? आम्ही दोघांनी पोती भरभरून आणलं आणि खोळ ठासून भरली. उन्हाळाभर ती बॅग झकास होती.

मग आला आपल्याकडचा पावसाळा. ज्या घरात काडेपेटी शेगडीजवळ ठेवावी लागते आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तिथं तूस कोरडं राहील असं आम्हाला का वाटलं, देव जाणे. तुसानं ओल धरली, ते हळूहळू खाली बसलं आणि तळापासून मध्यापर्यंत त्याचा गोळा झाला. ठोसे मारताना काही कळत नव्हतं, कारण ठोसा लागतो वरच्या अंगाला आणि वर ती मऊच होती. गुडघा लागतो त्याखाली, मध्यावर. एका सकाळी शाळेची घाई होती. अंग न तापवता, बॅग खालून न चाचपता मी उजवा गुडघा हाणला, तोही सरळ वाटीवर. दगडावर नारळ आपटावा तसा आवाज झाला. मी खाली बसले ती उठलेच नाही.

तुम्ही पिठाचे हात घेऊन धावत आलात. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून मी ओक्साबोक्शी रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि सासूच्या मांडीवर. मी गप्प व्हायचा प्रयत्न करत होते तर तुम्हीच म्हणालात, "रड. लागलंय तर रडावं मानसानं. न लागता रडनारी लय बगितली मी." पीठ माझ्या केसांना लागलं होतं. ते दुसऱ्या दिवशीही निघालं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं की वाटीमागची कूर्चा दुखावली आहे, विश्रांती घ्या, मग मांडीला ताकद आणणारे व्यायाम करा. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, हे तुम्ही त्या काळात इतक्यांदा ऐकवलंत की मला मुंगीचाच राग यायला लागला. पण मी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन मांडी आवळायचे तेव्हा तुम्ही समोर बसून तांदूळ निवडायच्या आणि माझं तोंड वाकडं झालं की सूप आपटायच्या. "नुसतं त्वांड आवळू नगंस, मांडी आवळ." एकदाही चुकवू दिलं नाहीत.

आणि मी पडून असतानाच एक दिवस तुम्ही विळा घेऊन गोठ्यात गेलात आणि बॅगेचं पोट फाडलंत. आतून ओली, काळपट ढेकळं पडली. तुम्ही त्यांतलं एक आणून माझ्या खाटेवर ठेवलंत. "ह्याला मारत हुतीस व्हय? ह्यानं तर भिताड बांदता येईल." तूस मी आणि चिरंजीवांनी भरलं होतं, तुमचा त्यात काही संबंध नव्हता. तरी पुढं कितीतरी दिवस पावसाळी हवेत माझा गुडघा ठणकला की तुम्ही माझ्याकडं न बघता उठून जायच्या. घरात असून तुमच्या ध्यानात कसं आलं नाही, हे तुमच्या मनात होतं का? तुम्ही बोलला नाहीत, मी विचारलं नाही. आता विचारते आहे, तर ऐकायला कोण आहे?

मग बॅग भरली ती तुम्ही. वाकळ शिवावी तशी भरलीत. गावातून जुनी सुती लुगडी, धोतरं, चादरी मागून आणल्यात. नवं कापड चालायचं नाही, टेरिकॉट तर बघायचंसुद्धा नाही. "त्ये घसरतं. वापरून वापरून मऊ झाल्यालं सुतच एका जागी ऱ्हातं." आधी मधोमध एक घट्ट गुंडाळी, तिच्याभोवती एकेक थर, आणि दर थराला दाभणानं टाके, म्हणजे कापड खाली सरकून बसणार नाही. वर, मध्ये, खाली, कुठंही दाबलं तरी हाताला सारखंच लागलं पाहिजे. दर वर्षी घट बसायच्या आधी सगळं घर वाकळी-गोधड्या धुवायला पाण्यावर जायचं, तेव्हा बॅगेचं पोटही उसवून यायचं. तुम्ही ते धरणाच्या काठाला खडकावर आपटायच्या आणि वाळवून पुन्हा भरायच्या. अख्ख्या लोणावळ्यात अशी धुतलेली बॅग दुसरी नसेल.

पुन्हा गुडघा उचलायचं मला धाडस होईना. डॉक्टरांनी हळूहळू सुरू करा म्हटलं होतं, पण बॅगेसमोर उभी राहिले की पाय जमिनीला चिकटायचा. त्यात बॅग हलायची. हलती बॅग पुढं येत असताना मारलं तर दणका दुप्पट, आणि मागं जाताना मारलं तर गुडघा हवेत जाऊन झटका बसतो. चिरंजीव कामावर गेलेले. तुम्ही दारातून बघत होतात. आत आलात, पदर खोचलात, बॅगेच्या पलीकडं गेलात आणि तिला कवटाळून उभ्या राहिलात. "मार."

"आत्या, तुम्हाला लागेल."

"मला काय व्हतंय? मी काय काचंची हाय? बेतानं मार."

मी मारला, अगदी हलका. पलीकडून आवाज आला, "वाटी." पुन्हा मारला. "वाटी." मग मी नीट केलं, जे मी इतरांना शिकवत आले होते ते. पाय पूर्ण दुमडून टाच मागं घेतली, पायाची बोटं खाली केली, कंबर पुढं काढली आणि वाटीच्या वरचा, मांडी जिथं संपते तिथला भाग बॅगेला लावला. पलीकडून काहीच आवाज आला नाही. मी मान वाकडी करून बघितलं. तुम्ही गाल ताडपत्रीला टेकवून डोळे मिटले होते. "ह्यो बराबर आला," तुम्ही म्हणालात. "टोचला न्हाई."

तेव्हापासून तुमची जागा ठरली. जोर लावून मारायचं असेल तेव्हा तुमचे चिरंजीव धरायचे, आणि वळण बसवायचं असेल तेव्हा तुम्ही. मी बरी झाले, मुली शिकायला यायला लागल्या, तरी तुम्ही जागा सोडली नाहीत. मी मुलींना समजावून सांगायची की ज्या पायावर उभ्या आहात तो विसरू नका, टाच उचला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवा, नाहीतर कंबर वळते, पाऊल अडकून राहतं आणि मधला गुडघा पिळवटतो. तुम्ही हे सगळं एका वाक्यात उरकायच्या. "पोरींनो, जात्याचा खुटा फिरला न्हाई तर हात मोडंल." मुलींनी जातं बघितलेलं नव्हतं, पण पाऊल फिरवायला त्या तिथंच शिकल्या. चुकलं की पलीकडून तो एक शब्द यायचा. मुली एकमेकींनासुद्धा तसंच चिडवायला लागल्या. शाळेत कुणाचं गणित चुकलं तरी, "वाटी!"

गाव काय गप्प बसणार होतं? ह्या घरात सून गुडघे मारते आणि सासू मिठी मारते, अशी बोंब झाली. एक जण तुम्हाला तोंडावर म्हणाली, चार दिवस सासूचे ते गेले वाटतं. तुम्ही तिला म्हणालात, "बाकीच्या सुना त्वांडानं मारत्यात, माजी गुडघ्यानं मारती. मधी बॅग तरी असती." ती परत आपल्या दाराला आली नाही.

भांडण आपलं एकाच गोष्टीवर होतं. तुम्हाला बॅग मऊ हवी असायची, अगदी उशीसारखी. माझं म्हणणं, फार मऊ बॅगही गुडघा खाते. गुडघा आत रुततो, बॅग दुमडते, तोल पुढं जातो आणि भार सगळा उभ्या पायावर येतो. घट्ट हवी, पण दगड नको. तुम्ही हातानं बॅग दाबायच्या, मी दाबायची. तुम्ही एक थर काढायच्या, मी तुमची पाठ वळली की पुन्हा घालायची. "मऊनं कुनी मेलंय का?" हे तुमचं शेवटचं वाक्य असायचं, आणि त्यावर मी काही बोलले तरी तुम्हाला ऐकू यायचं नाही.

ह्या वर्षीही आपण धुणं घेऊन पाण्यावर गेलो. आकाश स्वच्छ होतं, उन्हाची तिरीप खडकावर. बॅगेच्या पोटातला मधला थर विरून गेला होता, जिथं गुडघे लागतात तिथला. तुम्ही ते कापड उजेडात धरलंत, तर त्यातून धरण दिसत होतं. "ह्ये संपलं," तुम्ही म्हणालात. "औंदाच्याला कायतरी शोदूया. आनि मी गेल्यावर माजी लुगडी घाल ह्यात. हितं, मधी."

मी एकदम भडकले. म्हटलं, "काहीतरीच बोलू नका. तुमच्या लुगड्यांवर मी गुडघे मारू?"

"मग आत्ता कुनावर मारतीस? मी काय तितं पाटलीन म्हनून हुबी ऱ्हाती?"

"ते वेगळं. तुम्ही असता तिथं."

"लुगडी काय नि मी काय. घाल म्हनलं तर घाल. तुझा न्हाई तर त्या पोरींचा तरी गुडघा वाचंल."

मी नाही म्हटलं. चक्क, तीनदा-चारदा नाही म्हटलं, आणि पिळे उचलून पुढं चालायला लागले. संध्याकाळी तुम्ही मुद्दाम माझ्या आवडीची पिठलं-भाकरी केलीत आणि मी ती मुकाट्यानं खाल्ली. विषय तिथंच राहिला. मला वाटलं, पुढच्या वर्षीच्या धुण्यापर्यंत वेळ आहे.

धुणं अजून वाळत होतं, त्या दुपारी तुम्ही "वाईच पडते" म्हणून आडव्या झालात आणि उठला नाहीत. तुमच्या उशाशी दाभण ओवून ठेवलेलं होतं. मी तुम्हाला हाका मारल्या, हलवलं, तुमचे तळवे चोळले. शेजारी आले, डॉक्टर आले, चिरंजीव कामावरून आले. सगळे रडले. मी तुमच्यासाठी पाणी तापवलं, लुगडं काढून दिलं, आल्या-गेल्याला चहा दिला. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. छातीत काहीतरी खाली बसून घट्ट झालंय आणि वरून हात लावणाऱ्याला वाटतं, शीतल सावरली.

त्या गडबडीत कुंपणावर वाळत घातलेल्या चिंध्या कुणाला आठवल्या नाहीत. परतीचा पाऊस दोनदा झोडपून गेला. मला आठवण झाली तोवर सगळं काळं पडलं होतं, बुरशीचा वास, बोटानं ओढलं की फाटत होतं. तुम्ही इतकी वर्षं जमवलेलं, धुतलेलं, टाके घातलेलं सगळं. चिरंजीवांनी ते परसात जाळलं. दुसऱ्यांदा धूर बघितला मी.

वरचं लिहून ठेवलं त्याला चार दिवस झाले. आता पुढचं सांगते.

वन्सं तिकोणा पेठेहून आल्या. त्यांनी तुमची ट्रंक उघडली. मी शेजारी बसले. घडी केलेली लुगडी एकेक बाहेर आली, हिरवं, तांबडं, ते मळखाऊ करड्या रंगाचं जे तुम्ही गोठ्यात यायला नेसायच्या. वन्सं म्हणाल्या, "वैनी, मी ही नेती. आईची वाकळ करनार. माज्या नातवाला आईच्या उबंत झोपू दे." ह्याच्यात चूक काय होतं? काहीच नाही. आपल्याकडं असंच करतात. आजीच्या लुगड्यात नातू-पणतू झोपतात.

तरी मी बोलले. म्हटलं, वन्सं, आत्यांनी लुगडी बॅगेत घालायला सांगितली होती.

वन्संचा हात थांबला. "बॅगंत? आनि तितं तुमी गुडघं मारनार? माज्या आईच्या लुगड्यावर?"

"त्याच म्हणाल्या होत्या."

"कुनाम्होरं?"

"माझ्यापुढं. पाण्यावर."

"मग तुमी काय म्हनला?"

मला खोटं बोलता आलं नाही. "नाही म्हणाले."

"मग झालं तर," वन्सं म्हणाल्या आणि ट्रंकेचं झाकण ओढून घेतलं. तुमच्यापुढं नाही म्हणायची हौस मला नडली, आत्या.

तेवढ्यात दारात प्रज्ञा उभी राहिली. आपल्या वर्गातली ती उंच मुलगी, जिला तुम्ही सगळ्यांत जास्त वेळा "वाटी" म्हणायच्या. ती लंगडत होती. गुडघ्याला ओढणी बांधलेली. सोडून बघितली तर गुडघा सुजून टम्म. वन्संनीच विचारलं, "काय गं, पडलीस व्हय?"

"न्हाई," ती माझ्याकडं चोरून बघत म्हणाली. "वर्ग बंद हाय ना मॅडम. स्पर्धा आलीय. म्हनून घरामागच्या जांभळीला पोतं टांगलंतं."

"आत काय भरलंस?" मी विचारलं, पण मला उत्तर माहीत होतं.

"तूस. गिरणीवरचं. मऊ असतंय ना."

मी वन्संकडं बघितलं. माझं खाटेवरचं दुखणं त्यांनी बघितलं होतं, तेव्हा त्या आठवडाभर येऊन राहिल्या होत्या, ते ढेकूळसुद्धा त्यांनीच बाहेर फेकलं होतं. मी प्रज्ञाला बसवलं, बर्फ लावला, आईला घेऊन आजच डॉक्टरांकडं जा म्हणून बजावलं, आणि स्पर्धेचं नाव काढलंस तर याद राख म्हटलं. ती रडली. तिला रडताना बघून मला तिचा हेवा वाटला. कुठल्या थराला गेले बघा मी.

ती गेल्यावर वन्संनी ट्रंक पुन्हा उघडली. तांबडं लुगडं काढून स्वतःच्या पिशवीत घातलं. बाकीची सगळी माझ्या मांडीवर ठेवली. "ह्ये एक नेती. ती घाला तितं. पन मी हितं हाय तवर मारू नगा. माज्यानं बगवायचं न्हाई." दुपारच्या एसटीनं त्या गेल्या. जाताना गोठ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग मी बसले, आत्या. दाभण तुम्ही ओवून ठेवलेलंच घेतलं. मधली गुंडाळी शेजारून आणलेल्या चादरींची केली, तिच्याभोवती तुमची लुगडी. हिरवं वर. करडं मधोमध, जिथं तुम्ही बोट ठेवलं होतंत तिथं. त्याला अजून चुलीचा आणि तुमच्या तपकिरीचा वास होता. एकेक थर, एकेक रांग टाक्यांची. तुमच्यासारखे टाके मला जमले नाहीत, वाकडेतिकडे गेले, बोटाला दोनदा टोचलं. भरता भरता सवयीनं मी एक थर जास्तीचा घातला आणि मग काढून टाकला. ह्या वेळी बॅग तुमच्या मतानं भरली, मऊ. भांडायला कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही जिंकलात.

चिरंजीव कामावरून आले तेव्हा मी खोळीचं तोंड शिवत होते. ते दारातच थांबले. टाक्यांच्या फटीतून लुगड्याचा काठ दिसत होता. मग म्हणाले, "मी धरू?"

"नको," मी म्हणाले. ते पायऱ्यांवर जाऊन बसले, माझ्याकडं पाठ करून.

अंग तापवलं. फरशी पुसून कोरडी केली. बॅग वरून, मधून, खालून चाचपली. तुम्ही शिकवलेलं, मी शिकवलेलं, सगळं केलं. बॅग हलत होती, ती थांबेपर्यंत थांबले. आणि मग मी ठरवून चुकीचा मारला. उजवाच गुडघा, दुखावलेला, सरळ वाटीवर, त्या सकाळी मारला होता तसा, अंगातला सगळा जोर लावून. मला लागायला हवं होतं, आत्या. लागलं असतं तर रडता आलं असतं. तुम्हीच तसं सांगितलं होतंत.

बॅगेनं गुडघा आत घेतला. काही लागलं नाही. पलीकडून शब्द येईल म्हणून मी थांबले. साखळी करकरली, तेवढंच. मी पुन्हा वाटीवर मारला. मग पुन्हा. तुमच्या लुगड्यांनी मला एकदाही लागू दिलं नाही.